कुंदाच्या पाठीचा स्नायू

१४ जाने. १९९२
कुंदाला मोठ्या इस्पितळात नेलं. माझी नऊ वर्षांची पोर, एक जिना चढली तरी ओठ निळे. डॉ. म्हणाले, हृदय फुगलंय, आवळायची ताकद नाही, औषधं थकली. आता एकच उपाय. पाठीचा एक स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळायचा. यंत्र त्याला ठोक्याबरोबर आवळायला लावणार. "तिचंच मांस आहे, तिच्याबरोबर वाढेल." लहान मुलांत फार थोड्यांवर केलंय. खात्री देता येत नाही म्हणाले.

१६ जाने.
घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पाठीचाच हाय ना? मंग होरी वलवू दे तिला. पाठ घट व्हईल." मला पटलं. आम्हा कोळ्यांच्या पाठी वल्ह्यानेच तयार होतात. सुमन नको नको म्हणत होती. बायकोचं ऐकतो कोण!

१९ जाने., रवि.
कोलशेतच्या खाडीत भरतीला होडी काढली. कुंदा जाम खूश. "बाबा, बग ना, मी चालवते!" दहा-बारा वल्ही मारली असतील. मग हात सुटला, ओठ काळे. खांद्यावर टाकून चिखलातून पळालो. इस्पितळात जाताना रिक्षात सुमनने तिला माझ्या हातातून काढून घेतलं.

२१ जाने.
ऑक्सिजनवर आहे. डॉ.ना खरं ते सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अहो, मला विचारायचं तरी! स्नायूला सवय आम्ही लावणार, ऑपरेशननंतर, हळूहळू." आता ऑपरेशन लांबलं. तोवर हृदय टिकेल का, ते सांगत नाहीत. मी नालायक बाप आहे.

९ मार्च
आज ऑपरेशन. सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला. सुमनने ओढून घेतला, "मी करते." मी पेन दिलं.
सात तास. जिवंत आहे.

२३ मार्च
दोन आठवडे स्नायूला विश्रांती होती. आज यंत्र चालू केलं, अगदी सावकाश. पुरतं काम करायला दोनेक महिने. तेही केलं तर.
कुंदा म्हणाली, "आत कोनतरी आवळतंय." दुखतं का? "नाय." मग जरा वेळाने, "बाबा, मी झोपले तर ते थांबंल का रे?"
नाही गं, म्हणालो. सुमनने माझ्याकडे पाहिलं.
उठून डॉ.ना विचारायला आलो. ते ऑपरेशनमध्ये आहेत. बाहेर बाकावर बसलोय. कुंदा अजून जागी आहे.