बाटलीतला गाळ

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, पूरबांध कचेरीतील निवृत्त पर्यवेक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. निम्म्या गावाला तो पटणार नाही, त्याला इलाज नाही.

१. चढावरचे माझे घर, आतील सामानासह, धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. अट एकच. तिने दोन्ही मुलांना घेऊन तिथे राहायला यावे. घर भाड्याने देऊन ती खालच्या गल्लीतच राहिली, तर ते शाळेकडे जाईल.

२. अटीचे कारण असे. मातीच्या बांधातून झिरपणारे पाणी पायथ्याच्या नळीतून बाहेर येते. तेहतीस वर्षे मी रोज सकाळी त्या नळीखाली काचेची बाटली भरली, दिवसभर खिडकीत ठेवली आणि तळाचा गाळ मोजला. पाणी नितळ असेल तर काळजी नसते. गढूळ झाले की बांध आतून पोखरतो आहे असे समजावे.

३. खालच्या गल्लीतली घरे बांधाला पाठ लावून आहेत. भावाला गाडीसाठी शेड हवी होती. "ताई, दोन हात माती काढतोय फक्त. तेवढ्यानं बांध ढासळतो होय?" परवानगीवर सही माझी आहे. भावाला दिल्यावर शेजाऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आज सत्तावीस घरांनी बांध कोरला आहे. दोन हातांहून जास्त कोणीही घेतले नाही, याचा प्रत्येकाला अभिमान आहे.

ती सही माझ्याच नावावर राहावी. ती मी वारसांना देत नाही.

४. गेल्या वर्षी गाळ बोटभर चढला. मी बाटली गावसभेत नेऊन टेबलावर ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पाहुण्यांसमोर ठेवायची वस्तू आहे का ही?" पुढच्या आठवड्यात एकमताने ठराव झाला आणि नळीच्या तोंडाला तिहेरी कापड बांधले. पाणी नितळ दिसू लागले. सभेने स्वतःचे अभिनंदन केले.

ती बाटली अध्यक्षांना द्यावी. स्वच्छ धुतली आहे, पाहुण्यांसमोर चालेल.

५. कापड बांधणारा माझा भाऊच. ते मी सोडून आणले. चिखलाने इतके जड झाले होते की वाळायला तीन दिवस लागले. त्याने दुसरे बांधले. पहिले त्यालाच द्यावे. धुऊ नये.

६. तोंड बांधल्यावर पाण्याने दुसरी वाट शोधली. भावाच्या शेडमध्ये फरशीच्या सांध्यातून ते वर येते, आणि गढूळ येते. भाची तिथे पायपुसणे टाकते. मी तिला चार वेळा बजावले. "आत्या, सगळेच राहतात ना तिथं," ती म्हणाली. म्हटले, "म्हणूनच तू राहू नकोस."

७. कायद्याने मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. नदी तेवढी थांबेल असे मला वाटत नाही. म्हणून घराची किल्ली आजच भाचीकडे पाठवली आहे. मोठी खोली रिकामी केली आहे, माझी खाट स्वयंपाकघरात हलवली आहे. मुलांनी दप्तरे घेऊन यावे. पायपुसणे तिथेच राहू द्यावे.

८. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे हयात असावेत. आधी शिंप्याला बोलावले होते. कलमे वाचून मी त्याला सही न घेताच परत पाठवले. तो दुखावला. "वीस वर्षांनी लहान आहे तुमच्यापेक्षा, तब्येत ठणठणीत. माझ्यात काय खोट आहे?"

"तब्येतीत काही नाही," मी म्हटले. "तुम्ही राहता कुठे?"

तो चहा न घेताच उतरून गेला. खालच्या गल्लीत.

स्थळ: चढावरचे घर
दिनांक: २ मे, नदी फुगायला सहा आठवडे

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉक्टर, राहणार चढावर
२. शाळेच्या मुख्याध्यापिका, राहणार चढावर