सीतादही राहून गेलं

खैरगाव, मावल्याजवळ
२० ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्विनीस नागोराव काकाचा अ. उ. आशीर्वाद.

दोनशे वर्षांत आपला जिल्हा किती बदलला, असं तू विचारलंस. घरातच पाहा. मूळपुरुष डोमाजी पैनगंगा उतरून आला तेव्हा इथं माणसं कमी, वाघ जास्त. त्यानं जंगल तोडून ज्वारी पेरली, नातवानं कापूस लावला, माझे वडील जिनिंगमध्ये गेले, तुझा बाप तहसिलीत, तू हैदराबादेत. वावरात उरलो मी एकटा. जिल्ह्याची प्रगती माझ्यापाशी येऊन अडली.

गावात वेचायला माणूस नाही, म्हणून नदीपल्याडच्या मराठी राज्यातल्या भागाबाईची टोळी आणली. बाया बांधाच्या धुऱ्यावर बसून राह्यल्या नि दुसऱ्या दिवशी शेजारच्या फकिराच्या वावरात गेल्या. काऊन, ते कोणी सांगेना. कापूस पावसात भिजला तर वावर मक्त्यानं देऊन ओट्यावर बसेन.

तुझा काका


हैदराबाद
२४ ऑक्टोबर

ती. काकाजींस सा. न. वि. वि.

तुमी सीतादही केलं नसेल. काकू गेल्यापासून शेजारची रेणुकाबाई करायची, ती यंदा मुलाकडे राहायला गेली. वावराला दहीभात दिल्याशिवाय पहिल्या बोंडाला हात लावायचा नाही, हे तुमीच शिकवलं. तुम्हाला वाटलं, बायांचं काम, बाया करतील. बायांना वाटलं, मालक दही आणेल. पाहुण्या बाईनं ते मागायचं कसं?

शनिवारी दही घेऊन येते. तोवर मक्त्याचं कोणापाशी बोललात तर दिवाळीचा फराळ फकिराकाकांकडे करीन.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तेजस्विनी


खैरगाव
१२ नोव्हेंबर

चि. तेजस्विनीस आशीर्वाद.

पहिली वेचणी घरात आली, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. दहीभात तू असा उधळलास की वावरापेक्षा माझ्या टोपीला जास्त मिळाला. पण फकिराकडून परतलेल्या बाया हसल्या आणि वेचायला लागल्या. फकिरा अजून माझ्याशी बोलत नाही, तेवढीच गावात शांतता.

भागाबाईनं रेणुकाबाईचं बंद घर भाड्यानं मागितलं, रेणुकाबाई हो म्हणाली. भागाबाईचा मुलगा लखन आपलं वावर माझ्यासंगं बटईनं, निम्म्या वाट्यानं करणार. सून सुनयना शिवणकाम करते, दोन लेकरं आहेत. इथलं राज्य तेलुगू, ती भाषा येत नाही म्हणून सून घाबरत होती. मी म्हटलं, माझी साठी झाली, मलाही येत नाही, ऑफिसात हिंदीत बोलणी खातो.

कालपासून त्या घरात चूल पेटते. पंचायत सेक्रेटरी विचारून गेला, ही पाच माणसं कोणत्या राज्यात धरायची. मी म्हटलं, आधी जेवू दे त्यांना.

येत जा, आठवण ठेव.

तुझा काका नागोराव