दार उघडं टाकून बसू नकोस

प्रिय आई,

तुझ्या धाकटीचा लांबूनच गळ्यात पडून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

नाताळच्या गाण्यांचा नवा अल्बम सुरू झालाय. बाहेर मे महिना भाजून काढतोय आणि मी काचेच्या खोलीत हिवाळा गातेय. एसीची घरघर माइकमध्ये येते, म्हणून गाताना तो बंद. घाम पुसायचीही सोय नाही, बांगड्या वाजतात.

मागचे चारही अल्बम खपले, म्हणून हा पाचवा. करारात अजून तीन आहेत. गंमत बघ, घरच्या नाताळाची गाणी गाते, म्हणून डिसेंबरभर गावोगाव कार्यक्रम. आणि म्हणूनच घरी येता येत नाही.

तुझा करपलेला केक, बाबांची पेटी, दादाने पाडलेला तारा, सगळं गाऊन झालं. तरी निर्माते म्हणतात, "बाई, आणखी काहीतरी घरचं काढा." आता काय काढू, कपाळ? पेटीचा कोणता सूर अडकायचा गं? मला आठवेना. आठवेल ते लिहून पाठव.

गुडघे कसे आहेत? वहिनी तेल लावून देते ना?

दादाने कळवलं, 'आई दार उघडं ठेवते' हे माझं गाणं ऐकल्यापासून नाताळच्या संध्याकाळी तू खरंच दार उघडं टाकून बसतेस. अगं, ती ओळ चालीत बसली म्हणून लिहिली होती. थंडी बाधेल. दार लावून घेत जा.

मी आलेच, तर कडी वाजवीन.

तुझीच,
धाकटी