नलूची फ्लॉरेन्सची खरेदी

७ जानेवारी, ओकव्हिल

सकाळपासून बर्फ. अभिचा देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सरेहून फोन, तेच तुणतुणं: बाबा, घर विकू या, तुम्ही आमच्याकडे राहायला या. मुलगा चांगला, सून चांगली, नात गोड, सगळं मान्य. पण नलूला जाऊन वर्षही झालं नाही, तिचं स्वयंपाकघर मी घरं विकणाऱ्या रियल्टरच्या हवाली करू? बघू म्हणालो. माझं बघू म्हणजे नाही, हे नलूला बरोब्बर कळायचं. अभिला कळत नाही.

डॉक्टरांचा हुकूम, रोज चाला. बाहेर ब्लॅक आइस, डोळ्यांना न दिसणारं निसरडं बर्फ. म्हणून बेसमेंटमधली ट्रेडमिल. समोर टीव्ही, त्यावर गावोगाव फिरवून आणणारे व्हिडिओ अभिने लावून दिलेत. मी फ्लॉरेन्स निवडलं. आम्ही दोघं जाणारच होतो. मला चर्च बघायची होती, बाईसाहेबांना दुकानं.

८ जाने.

तोर्नाबुओनी रस्ता. पुलापासून सुरुवात, शेवटी एक छोटा चौक. दोन्हीकडे जुने दगडी महाल आणि खाली चकचकीत दुकानं. एका काचेत एकच पर्स, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी. बाकी दुकान रिकामं! याला काय धंदा म्हणायचा.

पहिलंच दुकान हातमोज्यांचं. तिथे एक बाई पाठमोरी, साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. आपली माणसं जिथे तिथे. बरं वाटलं.

१० जाने.

तोच व्हिडिओ. साडीवाली हातमोज्यांपाशी नव्हती, पुढे बुटांच्या दुकानापाशी होती. मी परवा नीट पाहिलं नसेल. पिवळ्या शर्टाचा माणूस आणि त्याचा कुत्रा मात्र जागच्या जागी. कॅफेतला वेटर चमचा पाडतो, तोही तिथेच.

१३ जाने.

आज ती रेशमी स्कार्फवाल्याकडे. पर्स काखेत दाबलेली, उजवा खांदा उतरलेला.

नलू आहे.

लगेच व्हिडिओ थांबवला. मागे नेऊन पाहिलं तर नुसती काच. पुन्हा पहिल्यापासून लावला. कुत्रा तोच, चमचा तोच, घंटा वाजते ती तिथेच. फक्त ही जागा बदलते. जन्मभर इंजिनिअरिंग केलं. रेकॉर्डिंग बदलत नसतं एवढं मला कळतं.

१४ जाने.

संक्रांत. इंडियन स्टोअरमधल्या वड्या, दगड नुसत्या. खाली गेलो. नलू आणखी पुढे, चौकाच्या जवळ.

१५ जाने.

चालताना डोक्यात प्रकाश पडला. ही नलूची खरेदीची पद्धत! तुळशीबागेत तेच, इथल्या मॉलमध्ये तेच. पहिल्या दुकानात वस्तू आवडायची. पण लगेच घेईल तर शपथ. "जरा पुढे बघून येऊ." मग रस्त्याच्या टोकापर्यंत एकूण एक दुकान पालथं घालायचं आणि परत येऊन पहिल्याच दुकानात ती पहिलीच वस्तू घ्यायची. मी बाहेर ताटकळत. किती कुरकुर केली असेन.

म्हणजे ती आता वळणार.

१८ जाने.

वळली.

चौकाच्या कोपऱ्यावरून समोरून येत होती. मान खाली, पर्समध्ये काहीतरी शोधत, त्यामुळे चेहरा दिसला नाही. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून गेली. मी वळून मागे पाहिलं, मागे घर गरम ठेवणारा माझा फर्नेस आणि कपड्यांची रॅक. तेवढ्यात उजव्या कानाशी, नेहमीच्या घाईत,

"अहो, आलेच."

स्पीकर डावीकडे आहे.

बराच वेळ पायरीवर बसून रडलो. आनंदानेच. मग वर येऊन बेसमेंटचं दार लावून घेतलं ते कशाच्या भीतीने?

२० जाने.

कशाच्या ते कळलं. खरेदी झाली की ती दुकानातून बाहेर यायची, पिशवी माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, चला. पुढे माझ्याकडे न बघता चालू लागायची. मी मागोमाग. कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

आता ती व्हिडिओत रोज थोडी अलीकडे दिसते. स्कार्फवाला मागे पडला, बुटवालाही.

अभिला फोनवर सगळं सांगितलं. आधी हसला, "बाबा, इट्स अ रेकॉर्डिंग." मग म्हणाला, मी येतोय, रविवारी तुम्हाला घेऊनच जाणार. मी बघू म्हणालो नाही. हो म्हणालो. भ्यायलो, खरं सांगायचं तर. नातीला बघायचंय अजून.

आणि नलूला काय सांगू?

२४ जाने., शनि.

अभि आला. आल्या आल्या फर्नेसचा फिल्टर बदलला, फ्रिज रिकामा केला. जेवण झाल्यावर त्याला खाली नेलं, व्हिडिओ लावला. नलू हातमोज्यांच्या दुकानाच्या दारात, एक पाय आत. मी बोट ठेवून दाखवलं. त्याला दिसेना. उभ्या उभ्या दोनदा पाहिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. ठीक, म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला, चला सरेला. उलट सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यानेच रिमोट घेतला, मागे नेलं, थांबवलं.

"बाबा, दुकानाबाहेर बाकावर बसलाय तो... दॅट्स यू."

मला बाक रिकामा दिसला.

अभि चेष्टा करत नव्हता. पांढराफटक पडला होता. टीव्ही बंद केला, ट्रेडमिलची वायर काढली आणि वर जाऊन फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करत बसला. ड्राइव्हवेवर बर्फ नव्हतं.

२५ जाने., रवि.

दुपारचं विमान. बॅगा गाडीत गेल्या. अभि कालपासून माझ्या तोंडाकडे नीट बघत नाही. चहा केला, तो माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

बेसमेंटचा दिवा बंद करायला म्हणून आलो, पायरीवर बसून हे लिहितोय. टीव्ही काळा. नलू आता दुकानात गेली असेल, मोजे हातात घालून बघत असेल. भीती गेली आहे. राहिलाय तो हिशोब, तो काही केल्या जुळत नाही. मी तिथे तिची वाट बघत बसलोय, अभिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याच्याबरोबर सरेला कोण चाललंय?

अभि वरून विचारतोय, बाबा, कुठे आहात? दोनदा विचारलं.

अजून ओ दिलेली नाही.