चुना मारलेला ढीग

आई,

तवंदीच्या घाटातल्या मोऱ्या माझ्या हातच्या. वरच्या वळणाचा कठडा माझा, घडीव काळ्या दगडाचा. त्याच्या सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही. निपाणीच्या वेशीपासून संकेश्वरच्या अलीकडेपर्यंतचे मैलाचे दगड मी घडवले, आकडेही मीच कोरले. शाळा मला ठाऊक नाही. आकडे जुन्या मैलाच्या दगडांवर बोट फिरवून शिकलो, अक्षरं तंबाखूच्या वखारींच्या पाट्यांवरून. नकाशा वाचायलाही कुणी शिकवलं नाही. वाचतो.

तू खडी फोडायला बसायचीस तेव्हा हा रस्ता बैलगाड्यांचा होता. पुण्याहून कोल्हापूर, कागल, निपाणी, मग घाट चढून संकेश्वर, बेळगाव आणि पुढं थेट बंगळूर. तंबाखूच्या गाड्यांच्या लोखंडी धावा रस्ता कापून काढायच्या आणि सरकार त्यावर दरसाल नवी खडी घालायचं. त्या खडीवर आपलं पोट. आप्पा प्लेगात गेले तेव्हा धाकटी तुझ्या पोटात होती. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा आपण घाटाच्या पायथ्याशी कामाला होतो.

मला ती सकाळ अजून दिसते. बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली आहे. तापानं फणफणलेलं पोर आत आहे आणि झोळी हलत नाही. तू हातोडी खाली ठेवतेस, झोळीत हात घालतेस आणि बराच वेळ बाहेर काढत नाहीस. गावाकडं न्यायचं तर दिवस मोडतो. दिवस मोडला की जागा जाते. रस्त्याच्या कडेला आपण दोघांनी खड्डा घेतला. कोल्हे उकरतील म्हणून तू वर दगड टाकलेस. दुसऱ्या कुणी धोंडे कसेही लोटले असते. तुझे हात मात्र ढीग रचायलाच शिकलेले. चारी बाजूंना सारखा उतार, माथा सपाट, कडा सरळ. दिवसभराची फोडलेली खडी तू त्यावर रचलीस, आणि आपण उठलो तेव्हा ते थडगं राहिलं नव्हतं, मापाचा ढीग झाला होता.

दोन-चार दिवसांनी मुकादम मजुरीसाठी ढीग मापायला टेप घेऊन आला. ढीग मापला की त्यावर चुन्याचं पाणी मारायची रीत. म्हणजे तोच ढीग पुन्हा मापाला दाखवता येत नाही आणि त्यातला खडाही मग आपला राहत नाही.

"ह्यो कुणाचा गं?"

तू ढिगाकडं बघितलंस. "माझाच."

"लई झ्याक रचलाईस. ह्या बाकीच्या बायास्नी शिकीव जरा. निस्त्या शेणाच्या गवऱ्या थापल्यागत करत्यात."

बाया हसल्या. त्यानं चुना मारला. मी तुझा पदर ओढला, "आये, सांग की त्याला!"

"गप बस रं. मापलं त्ये सरकारचं. सांगिटलं तर तिला उकरून भाईर टाकतील, आन् आपल्यालाबी."

पुढल्या आठवड्यात ती खडी रस्त्यावर पसरली. पाट्या तूच वाहिल्यास. वर मुरूम पडला, पाणी पडलं, बैलांचा रूळ फिरला, आणि कडेच्या जमिनीवर खूण म्हणून काहीसुद्धा उरलं नाही. त्या मजुरीतून तू मला हातोडी घेतलीस. एकदा त्याच ठिकाणी रस्त्यावर मी उड्या मारत होतो, तर तू अशी थोबाडीत दिलीस की कान गुंगला. तिथून पुढं मरेपर्यंत तू त्या मैलात रस्त्यावर पाय ठेवला नाहीस. कडेच्या काट्यातनं चालायचीस. लोक म्हणायचे, म्हातारी मोटारीला भिते.

आता लढाई संपली. स्वराज्य येणार म्हणतात, आणि त्याच्या आधी डांबर येणार असं दिसतंय. नकाशा मी पाहिला. पायथ्याचं वळण कापून रस्ता सरळ नेणार, बाभळीच्या बाजूला बारा फूट रुंद करणार. जुना रस्ता मुळापासून खणायचा, खडी चाळून घ्यायची आणि नव्याच्या पोटात भरायची. लाल फडक्यांच्या खुंट्या मारून झाल्यात. बाभूळ कधीच गेली. खुंट्यांच्या आत धाकटी नेमकी कुठं आहे हे मला सांगता येत नाही. मापात वीतभरसुद्धा न चुकणारा मी, मला एवढं एक माप देता येत नाही.

कंत्राटदार घरी आला होता. "मेस्त्री, तुमी केलासा रस्ता, तुमीच खणा की."

"केल्यालं खणायला माझा हात चालत न्हाय."

"तंबाखू मळताना तर बरा चालतोय! तुमी न्हाय म्हटल्यानं काय थांबतंय व्हय? दुसरा बघीन."

खरं आहे ते. दुसरा मिळालाही, सोमवारी कुदळी पडतील. त्याच्या माणसांना तिथं हाड आहे हे ठाऊक नाही, आणि तीन महिन्यांच्या पोराचं इतक्या वर्षांत काय राहिलं असणार. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझंच ऐकलं म्हण. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून ठेवतो: मी तिथल्या तिथं नको म्हटलं नव्हतं. दोन दिवस मागून घेतले, आणि त्या दोन्ही दिवसांत मनातल्या मनात मजूर लावून बघितले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा वर लिहिलाय तो नकार दिला. त्या अख्ख्या मैलाचं खोदकाम एकट्या माझ्या हाताखाली देणार होता तो, माणसं माझ्या पसंतीची, आणि माझ्या हातात रोख बाराशे रुपये.