आभार मानणाऱ्या पाहुण्याविषयी

प्रिय एलविरा मावशी,

तुझा गुडघा कसा आहे ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत, आई सोडून.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्याकडे आठ दिवस उतरलेल्या ग्वायाकिलच्या त्या प्रसिद्ध लेखकांनी, सेन्योर अराउस यांनी, राजधानीच्या वर्तमानपत्रात आपल्या गावाबद्दल एकही बरा शब्द लिहिला नाही. ते चूक होतं. लेख पुन्हा वाचला. मासळीच्या धक्क्यावरच्या सीगलना त्यांनी 'मनमिळाऊ' म्हटलं आहे.

बाकीचे आरोप मी एकेक करून तपासले (जे पाहिलं तेच लिहायचं, हे तूच मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलंस; पुढे कुठल्या शाळेला ते पुसता आलं नाही). सुपात वाळू लागते म्हणे. मी सूप फडक्यातून गाळलं. लागते. समुद्र गढूळ म्हणे. आठवडाभर रोज पेला घेऊन गेले: चार दिवस गढूळ, तीन दिवस हिरवा, म्हणजे निम्म्याहून जास्त खरं. वाऱ्याने टोपी पळवली म्हणे. तीही सापडली, खाटकाच्या डोक्यावर (तो म्हणतो, वाऱ्याने दिली ती आपली).

शेवटचा आरोप मात्र मला समजेना. 'इथे पाहुण्याला रोज एकदाच माटे देतात आणि मग त्याच्यासमोर तासभर स्वतः पीत बसतात.' हे वाचल्यापासून आईने शेवाळाची भजी करणं सोडलंय. ईस्टरच्या आठवड्यासाठी आमच्याकडे खोल्या राखलेल्या तीन कुटुंबांनी येत नाही म्हणून कळवलं. आणखी कोणी कळवलं तर ती दारावरची पाटी उतरवणार आहे. रोज विचारते, "माझ्या हातून काय कमी पडलं गं?" वॉशिंग्टन मामा म्हणतो, "लेखक आहे तो. पोटभर जेवला तर लिहील काय?"

काल रात्री उमगलं: आईच्या हातून नाही, मावशी, माझ्या. माटेच्या पाल्यावर कढत पाणी ओतून तुंबा मी भरत होते, आणि तो एकच तुंबा सगळ्यांत फिरत होता. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माटे संपवली आणि तुंबा परत देताना वाकून आभार मानले. परत देताना आभार म्हणजे आता पुरे, हे आपल्यात रांगतं पोरही जाणतं. परदेशातून, ग्वायाकिलहून आलेल्या माणसाला कोण सांगणार? आठ दिवस रोज ते एकदा प्यायले, रोज आभार मानले, आणि रोज मी त्यांना ओलांडून तुंबा पुढे दिला. ते टक लावून बघायचे. मला वाटायचं समुद्राकडे बघतायत (लेखकच ते). एकदा शंका आली होती, तर मामा म्हणाला, "अगं, त्यांचं झालं. मला भर." मी भरला.

तुझी,
झुल्मा

ता. क. ते बारा मार्चला मोंतेविदेओत, तुझ्या घरामागच्या वाचनालयात भाषण देणार आहेत. मला एक रात्र ठेवून घेशील का? थर्मास, तुंबा आणि पाला माझी मी आणीन. त्यांच्यापुढे बसून भरत राहीन, कितीही आभार मानले तरी.

दुसरा ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझा गुडघा बघायला जाते, एवढंच म्हटलंय. तेव्हा तो थोडा तरी दुखत असेल तर फार बरं होईल, म्हणजे मी खोटं बोलले असं होणार नाही. गुरुवार, बारा मार्च, सकाळची सव्वासहाची बस.