एका हाकेला ओ

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी बोरीवलीकर! जेफ्री सरांची कंपनी म्हणजे त्यांच्याच जुन्या घराचा तळमजला. नॅशनल पार्कलगतच्या सोसायट्यांसाठी आम्ही बिबट्या टिपणारा कॅमेरा बनवतो. समोर काही हललं की कॅमेऱ्याने सर्किट बोर्डाला हाक मारायची, म्हणजे सिग्नल द्यायचा, बोर्डाने ओ द्यायची, मग फोटो यायचा. घोडं अडलंय ते नेमकं तिथेच. शुक्रवारी सोसायटीवाले बघायला येणार. जमलं तर नोकरी पक्की, आणि देवगडच्या घरात एकटी राहणारी आई इथे माझ्याजवळ. निघताना तिने बजावलं होतं, दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ देऊ नको, तीन हाका येऊ देत; बाहेरचं काही असलं तर ते ओळखीच्या आवाजात एकदाच हाक मारतं. वेडी आहे माझी आई.

४ नोव्हेंबर
वायरी बदलल्या, व्होल्टेज तपासलं, सोल्डरिंग पुन्हा केलं. कॅमेरा हाक मारतोय आणि बोर्ड ढिम्म. सर म्हणाले, माझ्या आधीच्या सुबोधनेही या बोर्डापुढे डोकं फोडलं होतं, मग गावी गेला तो गेलाच.

५ नोव्हेंबर
सापडलं! सुबोधच्याच प्रोग्रॅममध्ये मेख होती. तीन हाका आल्याशिवाय बोर्डाने ओ द्यायचीच नाही, आणि कॅमेरा तर एकदाच हाक मारतो. सुबोध कुडाळचा म्हणे, म्हणजे आमच्याच मुलखातला. पोट धरून हसले. त्या ओळी उडवल्या आणि लगेच फोटो आला, गेटवरच्या मांजराचा. सर म्हणाले, झकास गं गंधाली, आणि वरच्या घरातून फुगिया, म्हणजे मैद्याचे गरमागरम तळलेले गोळे, घेऊन आले.

६ नोव्हेंबर
कॅमेऱ्यावर टोपण होतं. तरी फोटो आलाय. लाल मातीचं अंगण, तुळस, टोकाला निळं दार. ते दार आमचं आहे. सर म्हणाले, तुझ्या मोबाइलमधला असेल. तसंच असेल.

संध्याकाळी दुसरा. दार मोठं दिसतंय. तुळस फोटोत नाही. मागे पडली असणार.

७ नोव्हेंबर, सकाळ
कॅमेऱ्याची वायरच उपटली. बोर्ड तरीही ओ देतोय. कोणाला? सुबोधच्या ओळी परत घातल्या, ऐकत नाही. सरांना खोदून विचारलं. सुबोधची आई अचानक गेली, तिन्हीसांजेला, दार सताड उघडं. बातमी आल्यावर तो बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी टाइप करत बसला, मग निघाला. नंतर फोनवर एकच धोशा लावायचा, आईला मी हाक मारलीच नव्हती.

संध्याकाळ
वायर परत जोडली, सोसायटीवाले बघून गेले. नोकरी पक्की. काहीच वाटलं नाही. फोटोत आता नुसती कडी.

आईला फोन लावला. ती हसतेय. म्हणतेय, न सांगता आलीस आणि दारात उभी राहून फोनवर थट्टा करतेस होय गं? मी सांगतेय, मी बोरीवलीत आहे, ओ देऊ नको. म्हणाली, केव्हाच दिली, पोटच्या पोरीच्या हाका काय मोजत बसू—

कडीचा आवाज. ओरडतेय मी, ऐकत नाही— हात लिहायचा थांबत नाही—

फोटो येतोय. आई. हसतेय. हात पुढे केलेत, मला जवळ घ्यायला—

आई, ती मी नाही—